एकोणीस नंबरचा पाहुणा

श्रावणातली दुपार. प्राणिशास्त्राच्या मॅडमनी ओली छत्री दारातल्या बादलीत टाकली, लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "सर, हे आता तुम्हीच बघा. मला स्वल्पविराम दिसला तरी डोकं दुखायला लागतं."

मालवण पट्ट्यातल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. पावसाळ्यात माझं निम्मं काम पुस्तकांवरची बुरशी पुसण्याचं असतं, उरलेलं निम्मं अशा लॅपटॉपांचं. हे प्रकरण मॅडमना विचारून, नावगाव न देता लिहितोय. संदर्भसूची म्हटलं की लोकांना वाटतं, पूर्णविराम कुठे आणि तिरकी अक्षरं कुठे एवढाच मामला. आमचंही पूर्णविरामापासूनच सुरू झालं, पण गेलं भलतीकडेच.

मॅडमचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, रापणीतल्या बांगड्यावर. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीतून समुद्रात अर्धगोल फेरी मारून ते सोडायचं आणि दोन्ही टोकं वाळूत उभ्या माणसांनी ओढत आणायची. तीन हंगाम मॅडम पहाटे किनाऱ्यावर जाऊन बांगडे मोजत होत्या: लांबी, वजन, पोटात गाबोळी आहे की नाही. मापं चोख होती. ज्याच्यासाठी लोक पेपर अडवतात, त्यातलं काहीच यात नव्हतं.

पहिल्या जर्नलने "आमच्या कक्षेत बसत नाही" म्हणून तो परत केला. त्या जर्नलची पद्धत आकड्यांची होती: मजकुरात चौकटी कंसात १, २, ३ असे आकडे आणि शेवटी त्याच क्रमाने यादी. दुसऱ्या जर्नलला नाव-वर्षाची पद्धत हवी होती: मजकुरात कंसात आडनाव आणि साल, शेवटी यादी आडनावांच्या वर्णक्रमाने. मॅडमचा भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो चार दिवस घरी आला होता. "मावशी, हे दहा मिनिटांचं काम," म्हणत त्याने फाइंड-रिप्लेस चालवलं. जिथे सत्तावीस तिथे सत्तावीस नंबरच्या लेखकाचं नाव. काम खरंच दहा मिनिटांत झालं.

पेपर तिथूनही परत आला, रिव्ह्यूअरपर्यंत, म्हणजे तपासणाऱ्या तज्ज्ञांपर्यंत, न पोचताच. कार्यालयाच्या पत्रात तीन मुद्दे होते. संदर्भ आमच्या पद्धतीत नाहीत. मजकुरात आलेली सात नावं यादीत नाहीत. यादीतल्या पाच नोंदी मजकुरात कुठेच नाहीत. एकवीस दिवसांत दुरुस्त करून पाठवा. आणि गणपती पंचवीस दिवसांवर.

वाचताना लागलेली ठेच

मॅडमना वाटत होतं, आपण बसून स्वल्पविराम नीट करायचे. मीही तेच धरून चाललो होतो. यादीत ५८ नोंदी होत्या. दोन दुपारी पुरतील, असा माझा हिशोब.

माझी एक जुनी खोड आहे. संदर्भ तपासताना मी मजकूर मोठ्याने वाचतो आणि कंस आला की कंसातलं नावही वाचतो. डोळा कंसावरून घसरतो, जीभ घसरत नाही. चर्चेच्या भागात आलो. बांगड्याच्या विणीच्या हंगामाबद्दल एक वाक्य होतं, त्यापुढे कंस. मी कंस वाचला आणि थांबलो. ते नाव मला ओळखीचं होतं, कारण तो पेपर मीच मॅडमना मिळवून दिला होता. तो जाळ्याच्या आसावर होता, म्हणजे दोन गाठींमधल्या भोकाच्या मापावर. विणीचा त्यात उल्लेखही नव्हता.

"हा इथे कसा?"

मॅडम वाकून बघायला लागल्या. पुढचं वाक्य वाचलं: आसाच्या मापाबद्दल होतं आणि संदर्भ होता माशांच्या अंगावरच्या परजीवींचा. त्याच्या पुढचं परजीवींबद्दल, आणि संदर्भ सागरी तापमानाचा. प्रत्येक वाक्याला शेजारच्या घरचा नवरा.

जुनी, आकड्यांची फाइल उघडली तेव्हा उलगडा झाला. पहिल्या जर्नलकडे पाठवायच्या आदल्या आठवड्यात मॅडमना एक नवा पेपर सापडला होता. तो प्रस्तावनेत बसत होता, क्रमाने तिथे एकोणीस नंबर येत होता. त्यांनी यादीत एकोणीसवर तो घातला. जुना एकोणीस वीस झाला, वीसचा एकवीस, असं खाली सगळं सरकलं. प्रस्तावनेतले आकडे त्यांनी हाताने बदलले. मग लाईट गेली, जेवण झालं, सकाळी कॉलेज होतं. पद्धती, निष्कर्ष आणि चर्चा या तीन भागांतले आकडे जुनेच राहिले. एकोणीस आणि त्यापुढचा प्रत्येक आकडा एक घर मागे बोट दाखवत होता. आम्ही मोजले: ३१ जागा.

पहिल्या जर्नलकडे पेपर याच अवस्थेत पडून होता आणि कोणालाही काही खटकलं नव्हतं. खटकणार कसं? चौकटी कंसातला २७ बरोबर आहे की चूक, हे चेहऱ्यावरून कळत नाही. भाच्याने आकड्यांच्या जागी नावं घातली आणि चुकीला चेहरा मिळाला. मॅडम त्याच्यावर चिडल्या होत्या. मी म्हटलं, त्याला फोन करून आभार माना.

हे दोन्ही संप्रदाय कुठून आले ते मॅडमना सांगितलं, वातावरण जरा सैल व्हावं म्हणून. नाव-वर्षाची पद्धत एका प्राणिशास्त्रज्ञाकडे जाते: हार्वर्डचे एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ साली बिनशंखाच्या गोगलगायीवर लिहिलेल्या निबंधात कंसात लेखक आणि साल दिलं, तिथपासून ती रूढ होत गेली. "म्हणजे तुमच्याच खात्यातली भानगड." आकड्यांची पद्धत व्हँकुव्हरच्या नावाने ओळखली जाते. १९७८ साली वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक कॅनडातल्या त्या गावी जमले आणि हस्तलिखितं कशी मागवायची याचे नियम त्यांनी ठरवले. आकडे जागा कमी खातात आणि वाक्य अडवत नाहीत, डॉक्टर मंडळींना ते सोयीचं. पण हाताने आकडे सांभाळणाऱ्याला एक नवा संदर्भ मध्येच घालणं म्हणजे भरलेल्या एसटीत खिडकीची जागा मागण्यासारखं आहे. सगळ्यांना उठावं लागतं.

रजिस्टर

मग स्वल्पविराम बाजूला ठेवले. मी जुनं देवघेव रजिस्टर काढलं, मागच्या कोऱ्या पानांवर ५८ ओळी आखल्या आणि प्रत्येकीपुढे तीन रकाने: असा लेख खरोखर आहे का, मॅडमनी तो उघडून पाहिलाय का, आणि मजकुरात ज्या वाक्यापुढे तो बसवलाय ते वाक्य त्यात सापडतं का. चौथा रकाना फॉरमॅटचा, तो शेवटी भरायचा ठरलं. पहिल्या तीन रकान्यांना नऊ दिवस लागले, चौथ्याला एक संध्याकाळ. संदर्भसूचीच्या कामाचं खरं प्रमाण हेच आहे, असं माझं मत आहे. लोक चौथ्या रकान्यापासून सुरुवात करतात आणि म्हणून वैतागतात.

दुसऱ्या रकान्यात मॅडम जरा अडखळल्या. चार नोंदी अशा होत्या की मूळ पेपर त्यांनी पाहिलाच नव्हता. दुसऱ्या कोणाच्या यादीतून उचलला होता. त्यातली एक मला आधीच कळली होती. तिचा खंड क्रमांक चुकलेला होता आणि नेमका तोच चुकीचा क्रमांक मॅडमच्या यादीतल्या आणखी एका पेपरच्या संदर्भसूचीत होता. परीक्षेत शेजाऱ्याची चूक जशीच्या तशी उतरवली की मास्तरांना कळतं, तसं. या गोष्टीचा अभ्यासही झालाय: सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघांनी २००३ साली छापील चुका एका यादीतून दुसऱ्या यादीत कशा जशाच्या तशा जातात ते मोजलं आणि अंदाज काढला की संदर्भ देणाऱ्यांपैकी पाचातला जेमतेम एक मूळ लेख वाचतो. मॅडमचं प्रमाण त्याहून कितीतरी बरं होतं. हे ऐकून त्या हसल्या नाहीत.

चारपैकी तीन मूळ पेपर आम्ही मिळवले. केंद्रीय समुद्री मत्स्यकी संशोधन संस्थेचा ऑनलाइन संग्रह आहे, जुन्या भारतीय पेपरांना डीओआय (म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) नसला तरी तिथे पीडीएफ मिळून जाते. फ्रान्सिस डे यांच्या भारतीय माशांवरच्या जुन्या ग्रंथासारखी पुस्तकं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत स्कॅन केलेली आहेत. डे यांचा ग्रंथ भागाभागाने निघाला, १८७५ ते १८७८. तेव्हा साल एकच न लिहिता तसंच लिहायचं. चौथा पेपर काही मिळाला नाही. "अमक्याने उद्धृत केलेला तमका" असं लिहिता येतं, बहुतेक पद्धतींत त्याची सोय आहे. पण त्या वाक्यावाचून मॅडमचं काही अडत नव्हतं. वाक्य काढलं, नोंद गेली.

यादीत असून मजकुरात नसलेल्या पाच नोंदींपैकी दोन मजकुरात होत्याच, फक्त साल वेगळं. मजकुरात २०१४, यादीत २०१५. हा सापळा नेहमीचा: लेख आधी ऑनलाइन येतो, मग पुढच्या वर्षीच्या अंकात बसतो. अंक, खंड, पानं यादीत द्यायची तर सालही अंकाचंच घ्यायचं आणि दोन्हीकडे एकच ठेवायचं. उरलेल्या तिघांपैकी दोन नोंदी जुन्या मसुद्यातून चिकटून आलेल्या. तिसरी मात्र खास होती.

ती 'व्ही'मध्ये होती. व्हॅन डर गीर आणि आणखी दोघे, शास्त्रीय लेख कसा लिहावा अशा अर्थाचं शीर्षक, खंड १६३, पानं ५१ ते ५९. मी विचारलं, हा कुठे वापरला? मॅडम म्हणाल्या, "मी बांगड्यावर लिहितेय, हे कशाला वाचेन?" शोधलं तर कळलं की असा लेख कधी लिहिलाच गेलेला नाही. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या लेखकांसाठीच्या नमुना पानावर, "संदर्भ असा लिहा" हे दाखवायला घातलेली ती काल्पनिक नोंद. लोक तो नमुना उघडतात, त्यावरच आपली यादी टाइप करतात आणि नमुन्याची ओळ पुसायला विसरतात. अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी २०१७ साली या भुताची गोष्ट उजेडात आणली, तेव्हा त्याच्या नावावर जवळपास चारशे सायटेशन, म्हणजे इतरांनी दिलेले संदर्भ, जमा झालेली होती. आमच्या प्राचार्यांपेक्षा जास्त, असं मॅडम म्हणाल्या. ते मी इथे लिहायला नको होतं.

बांगड्याचा कंस

मजकुरात असून यादीत नसलेली सात नावं. दोन वर सांगितली, सालाच्या घोळाची. तीन खरोखर राहून गेलेली. त्यातली दोन यादीत घातली आणि तिसरीचं वाक्य आधीच्याच एका संदर्भावर भागलं. राहिली दोन: क्युव्हिए, १८१६ आणि व्हॅलेन्सिएन, १८४७. या दोघांवर आमची अख्खी दुपार गेली, आणि मला ती दुपार सगळ्यात आवडली.

बांगड्याचं शास्त्रीय नाव रास्ट्रेलिजर कानागुर्ता. पेपरात नाव पहिल्यांदा येतं तेव्हा त्यापुढे नाव देणाऱ्याचं आडनाव आणि साल लिहायची रीत आहे. मॅडमनी लिहिलं होतं: रास्ट्रेलिजर कानागुर्ता (क्युव्हिए, १८१६). तारलीचाही उल्लेख होता: सार्डिनेला लाँजिसेप्स व्हॅलेन्सिएन, १८४७. कार्यालयात तपासणाऱ्याने आडनाव आणि साल पाहिलं आणि दोन्हींना संदर्भ समजून यादीत शोधलं. त्याची काही चूक नाही, दिसायला ते संदर्भासारखंच असतं.

मी मॅडमना विचारलं, बांगड्याला कंस आणि तारलीला नाही, हे मुद्दाम की राहिलं? तिथे त्या पहिल्यांदा खुलल्या. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेचा नियम आहे: मूळ लेखकाने प्रजाती ज्या वंशात ठेवली होती त्यातून ती पुढे दुसऱ्या वंशात हलवली, तर लेखकाचं नाव कंसात. क्युव्हिएने बांगडा स्कॉम्बर वंशात ठेवला होता, नंतर तो रास्ट्रेलिजरमध्ये गेला, म्हणून कंस. तारली व्हॅलेन्सिएनने सार्डिनेलामध्ये ठेवली ती तिथेच आहे, म्हणून नाही. म्हणजे तो कंस माशाच्या स्थलांतराचा दाखला आहे. एखाद्या नीटनेटक्या स्वभावाच्या माणसाने "एकसारखं दिसावं" म्हणून दोन्हीकडे कंस घातले, तर तारलीबद्दल खोटं लिहिलं जाईल.

सालाचीही एक गंमत. जुन्या भारतीय पेपरांत बांगड्यापुढे १८१७ दिसतं, नव्यांत १८१६. क्युव्हिएच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर १८१७ छापलंय, पण तो बाहेर पडला १८१६ च्या अखेरीला, हे पुढच्या अभ्यासकांनी शोधून काढलं. सध्याच्या माशांच्या नामसूचीत १८१६ आहे, ते आम्ही ठेवलं. आणि कानागुर्ता हे नाव पॅट्रिक रसेल यांनी १८०३ साली विशाखापट्टणमच्या माशांवर लिहिताना टिपलेलं तिथलं तेलुगू नाव. आमच्याकडचा बांगडा शास्त्रात तेलुगू नावाने नांदतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

जर्नलच्या सूचना पुन्हा वाचल्या. नामकर्त्यांची नोंद यादीत देण्याची गरज नाही, असं त्यात एका ओळीत होतं. काही जर्नलं मागतात, काही मागत नाहीत. आम्ही उत्तराच्या पत्रात तेवढं कळवलं.

८२ वर्षं

गॅझेटियरची नोंद मला सुरुवातीपासून खटकत होती. मॅडमनी रत्नागिरी जिल्हा गॅझेटियर, १९६२ असं दिलं होतं आणि त्यातल्या किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या उताऱ्यावरून लिहिलं होतं की "सुमारे साठ वर्षांपूर्वी" इथली परिस्थिती अशी होती. उतारा इंटरनेटवरून घेतलेला. १९६२ ची सुधारित आवृत्ती आमच्या कपाटात आहे, पाठीची बांधणी निघालेली. शोधलं, उतारा नाही. मग मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड काढला, रत्नागिरी आणि सावंतवाडी, १८८०. शब्दन्‌शब्द तिथे.

आता हे फॉरमॅटचं म्हणायचं की आशयाचं? साठ वर्षांचे एकशेचाळीस झाले, त्या परिच्छेदाचा कणाच बदलला. यांत्रिक बोटी येण्याच्या कितीतरी आधीचं वर्णन, त्या आल्यानंतरचं म्हणून छापलं गेलं असतं. मॅडमनी परिच्छेद नव्याने लिहिला आणि नोंदीत प्रकाशनस्थळ बॉम्बे ठेवलं. मुंबई करू नये. पुस्तकावर जे छापलंय तेच. त्याच न्यायाने कोचीनचं कोची करायचं नाही.

मॅडमच्या स्वतःच्या दोन जुन्या पेपरांनाही हाच न्याय लागला. ते माहेरच्या आडनावाने छापलेले होते, यादीत मात्र त्यांनी ते आताच्या आडनावाने घातले होते. "मीच ना ती?" त्याच, पण शोधणाऱ्याला छापलेल्या नावानेच पेपर सापडणार. दोन्ही नावं एका माणसाची आहेत हे जोडायला ऑर्किड क्रमांक असतो, सोळा आकडी, २०१२ पासून मिळतो. त्यांनी त्याच संध्याकाळी काढला.

आता झोटेरो

सगळं खरं करून घेतल्यावरच आम्ही झोटेरो उघडलं. जॉर्ज मेसन विद्यापीठातून २००६ साली निघालेलं, संदर्भ सांभाळणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात हजारो जर्नलांच्या पद्धती तयार मिळतात. डीओआय टाकला की नोंद आपोआप भरते. मी सगळ्यांना हेच वापरायला सांगतो, आणि सांगतानाच बजावतो की ते आज्ञाधारक आहे, शहाणं नाही.

पहिल्याच झटक्यात यादीत 'आय' अक्षराखाली एक नवे लेखक प्रकट झाले: "इन्स्टिट्यूट, सी. एम. एफ. आर." मजकुरात "(इन्स्टिट्यूट, २०१२)". वर आलेल्या मत्स्यकी संशोधन संस्थेचा, म्हणजे इंग्रजीत सेंट्रल मरीन फिशरीज रिसर्च इन्स्टिट्यूटचा, २०१० च्या सागरी मत्स्य गणनेचा अहवाल होता तो. शीर्षकात २०१०, छापला २०१२ मध्ये. झोटेरोने संस्थेच्या नावाचा शेवटचा शब्द आडनाव धरला आणि उरलेल्यांची आद्याक्षरं केली. लेखकाच्या रकान्याशेजारी एक बारीक बटण असतं, ते दाबलं की आडनाव आणि नाव असे दोन रकाने मिटून एक होतो. तसं केल्यावर संस्था पुन्हा संस्था झाली. दाक्षिणात्य लेखकांबाबत उलटा घोळ: ज्यांना आपल्यासारखं आडनाव नसतं, त्यांचं आद्याक्षर कधी आडनावाच्या जागी जाऊन बसतं. अशा तीन नोंदी मूळ पेपरचं पहिलं पान बघून हाताने सरळ केल्या.

दुसरी खोड शीर्षकांची. काही नोंदी सगळ्या मोठ्या अक्षरांत उतरतात. सेंटेन्स केस, म्हणजे फक्त पहिलं अक्षर मोठं, करायची सोय आहे, पण त्यानंतर रास्ट्रेलिजरचा पहिला आर तपासायचा. वंशाचं नाव मोठ्या अक्षरानेच सुरू व्हायला हवं, प्रजातीचं लहान. इटालिकही बहुधा आपोआप येत नाही. शीर्षकाच्या रकान्यात शास्त्रीय नावाच्या आगेमागे वेब पानावर लिहितात तशी टोकदार कंसातली 'आय' खूण घातली, की यादीत ते नाव तिरकं उमटतं. २२ शीर्षकांत बांगडा होता. मॅडम टाइप करत होत्या, मी टिकमार्क.

जर्नलांच्या नावांच्या संक्षेपाचं एक उपप्रकरण झालं. सूचनांत "पूर्ण नाव द्या", आणि त्याच जर्नलच्या ताज्या अंकात सगळे संक्षेप. अशा वेळी ताजा अंक खरा धरावा, असं मी म्हणतो. तरी मॅडमनी दोन ओळींचं पत्र पाठवून विचारलं आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: संक्षेप. संक्षेप मनाचे करायचे नसतात, आयएसओ ४ नावाचं मानक आहे आणि शब्दांची यादी आहे. एकशब्दी नाव मोडत नाहीत. अ‍ॅक्वाकल्चर हे अ‍ॅक्वाकल्चरच राहतं.

डीओआयच्या शेवटी पूर्णविराम देऊ नये, एवढं मात्र लक्षात ठेवा. लिंक चिकटवताना तो सोबत जातो आणि पान उघडत नाही. आमच्या यादीत असे अकरा होते.

शेवटी ५६ नोंदी राहिल्या. पाठवण्याआधी फाइलची एक प्रत वेगळी ठेवली आणि दुसऱ्या प्रतीतली झोटेरोची जोडणी तोडली, कारण त्या कार्यालयाला साधा मजकूर हवा होता. प्रत न ठेवता जोडणी तोडली की पुढच्या दुरुस्तीला पुन्हा भाच्याला बोलवावं लागतं. एकोणिसाव्या दिवशी पेपर गेला. एकोणीसच होता तो, मी मोजलं.

यादीत नसलेला माणूस

एक संदर्भ राहिला सांगायचा. बांगड्याचा थवा किनाऱ्याला लागायच्या आधी पाण्याचा रंग कसा पालटतो, हे मॅडमना एका वयस्कर रापणकारांनी सांगितलं होतं. मसुद्यात ते "स्थानिक मच्छीमारांच्या मते" असं होतं. मी म्हटलं, बाकी सगळ्यांना नाव आणि साल, आणि ज्यांनी तुम्हाला पहाटे चारला पाणी दाखवलं ते "स्थानिक"? नियम असा की तोंडी माहिती मजकुरात नाव, "व्यक्तिगत संवाद" हे शब्द आणि तारीख देऊन नोंदवायची. शेवटच्या यादीत ती जात नाही, कारण यादी वाचकाला जाऊन बघता येईल अशा गोष्टींची असते. त्यांची परवानगी घेतली, वहीतली तारीख शोधली, कंस भरला.

नारळी पौर्णिमेनंतर मॅडम छापील मसुदा घेऊन त्यांच्याकडे गेल्या, मीही सोबत. त्यांनी आधी कंसातलं नाव बघितलं, मग पानं उलटून शेवटची यादी बोटाने खालपर्यंत तपासली.

"हयसर माझा नाव खंय दिसणा नाय?"

मॅडमनी नियम समजावला. या यादीतलं जे आहे ते कोणालाही जाऊन शोधता येतं, म्हणून.

"शोधूचा आसात तर शोधूंदे की," ते म्हणाले. "मी हयसरच आसय."

आणि पुढ्यातलं फाटलेलं जाळं ओढून घेतलं.